भाताताई पुन्हा भट्टीवर

काचेच्या त्या कारखान्यात मोठ्या बरण्या अजूनही तोंडाने फुंकतात. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, नळी अखंड फिरवीत ठेवायची आणि दुसऱ्या टोकातून आपला श्वास त्या अग्निपिंडात ओतायचा. या विद्येचे साधक थोडे, आणि त्यांत स्त्री एकच. तिचे वडीलही याच भट्टीवरचे. जन्मताच तिने असा टाहो फोडला की ते म्हणाले, "पोरगी कसली, भाता आहे भाता!" तेव्हापासून ती भाता, आणि पुढे कारखान्याची भाताताई. सर्वांत मोठी बरणी एका दमात फुगवावी ती तिनेच, हे मुकादमसुद्धा मान्य करीत. आणि मुकादमांनी काही मान्य करणे ही त्या कारखान्यात दुर्मिळ घटना होती.

तिला मुलगी झाली तीही आईसारखीच दणकट. जगात येण्याची वाट तिने अशी काही करून घेतली, की योनी आणि गुदद्वार यांच्यामधला बोटभर भाग पार फाटला. मल आणि वारा रोखून धरणारा खालचा स्नायूही दुभंगला. डॉक्टरीणबाईंनी तिला तत्काळ शस्त्रक्रियागृहात नेले आणि थराथराने टाके घातले. प्रसूतीचे गुणगान आपण पुष्कळ करतो. पण त्या यज्ञात देहाची जी आहुती पडते तिचा उच्चार करताना आपली जीभ अडखळते. 'नाजूक जागेचं दुखणं' एवढे म्हणून सारे मोकळे होतात, आणि दुखणारी एकटी उरते.

भाताताई कोमट पाण्याच्या टबात बसे, शौच सैल राहण्याचे औषध घेई, एका कुशीवर कलून लेकीला पाजी. टाके भरून आले, वेदना ओसरली. एक गोष्ट मात्र हटेना. खोकला आला, हसू आले, बाळाला उचलले, की वारा तिला न विचारता निघून जाई. कधी त्याहून लाजिरवाणे काही. सासूबाई समजूत घालीत, "अगं, तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर हेच केलं. चारचौघांत. वर इकडेतिकडे बघायचे, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखे!"

"ते बरण्या फुंकत नव्हते, आई," ती म्हणे. "मी नळीला तोंड लावीन आणि भट्टीवरचे सगळे माना वळवतील."

तिची खरी धास्ती हीच होती. नवरा त्याच भट्टीवर काचेचा गोळा उचलून देणारा. एके दिवशी तो मुकादमांचा निरोप घेऊन आला, आणि चपला काढण्यात उगाच वेळ घालवू लागला.

"बोला ना एकदाचं," ती म्हणाली.

"मुकादममामा म्हणतात, मोठ्या बरणीवर तुझ्या जागी लंबूला घेतलंय, त्याचा हात बसतोय. तुला पॅकिंगला घेऊ म्हणतात. बसून काम आहे."

"बसून? मामांना म्हणावं, एकदा टाक्यांवर बसून बघा, मग मला सांगा!"

ती हसली खरी, पण त्या रात्री लेक झोपल्यावरही ती तिला थोपटतच राहिली.

रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिला होता: खालचे स्नायू आत आणि वर ओढायचे, क्षणभर धरायचे, सोडायचे. एखादी व्रतस्थ स्त्री जपाला बसावी तशी भाताताई त्याला बसे. कधी चुकवले नाही, कधी कंटाळली नाही. आणि जितका यत्न करावा तितकी अवस्था वाईटच होत गेली. अखेर ती नवऱ्याला म्हणाली, "लंबूलाच राहू द्या तिथं. माझं संपलं."

हे ऐकून सासूबाईंनी नातीला कडेवर घेतले आणि सुनेपुढे उभ्या राहिल्या. "संपलं की नाही ते त्या बाई सांगतील. ऊठ."

रुग्णालयात बाईंनी हातमोजा चढवला, हलकेच बोट ठेवून तपासले आणि म्हणाल्या, "करा बघू, घरी करता तसं."

भाताताईने छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, पोट कसले आणि सारे बळ एकवटले.

"थांबा, थांबा! ताई, तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलताय. काम काय करता?"

"काच फुंकते."

बाईंच्या ध्यानात सारा प्रकार आला. आणि भाताताईच्याही. वडिलांनी नळी पहिल्यांदा हाती दिली तेव्हाचा पहिला नियम होता: नळीला तोंड लावलेले असताना श्वास आत ओढायचा नाही, कधीही नाही, आतली तप्त हवा गळा भाजून काढते. एकदा चुकून ओढू लागली तर त्यांनी मनगटावर फटका दिला होता. तेव्हापासून बळ लावणे म्हणजे बाहेर लोटणे, एवढेच तिच्या देहाला ठाऊक. ओढणे हे त्याच्या लेखी संकट होते. जी साधना देहाला सांधायची, तीच ती निष्ठेने उलटी करीत आली होती.

पडद्यामागून सासूबाईंचा आवाज आला, "म्हणजे इतके दिवस ही पोर तिकडूनही फुंकतच होती?"

बाई हसल्या, भाताताई हसली, हसता हसता जे व्हायचे ते झाले, आणि त्यावर तिघी पुन्हा हसल्या.

"आता गाल सैल सोडा," बाई म्हणाल्या. "श्वास आपोआप बाहेर जाऊ द्या. आणि पाहुण्यांसमोर वारा अडवतो ना आपण, तसं आवळून वर घ्या. जोर नको, अगदी थोडंसं."

पुष्कळदा काहीच झाले नाही. मग कुठेतरी खोलवर, कळीच्या पाकळ्या मिटाव्यात तसे काही मिटले.

"आलं!" बाई म्हणाल्या. "हेच ते. ओळखून ठेवा."

तिने ओळखून ठेवले. विद्या तीच राहिली, शिष्या मात्र नव्याने पहिल्या पाठाला बसली. आधी पडून, मग बसून, मग उभ्याने. मग लेकीला उचलताना. खोकला आला आणि काही निसटले नाही, त्या दिवशी ती घरभर मुद्दाम खोकत फिरली. सासूबाईंनी खडीसाखर पुढे केली तेव्हा कुठे थांबली. ऋतू पालटला. बाईंनी पुन्हा तपासून मोकळीक दिली, आधी लहान बाटल्या, मग मोठे काम, या अटीवर. आणि ती अट तिने अक्षरशः पाळली.

मोठ्या बरणीची पाळी आली त्या सकाळी मुकादम नळी हातात धरून उभे होते. लंबू बाजूला झाला, पण फार दूर गेला नाही.

"पोरी, पोटाचं दुखणं बरं आहे ना? उगाच हट्ट नको."

"पोटाचं नव्हतं, मामा," ती सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली. "बाळंतपणात खाली फाटलं होतं, पार मागपर्यंत. शिवलं. मग तिथला स्नायू पहिल्यापासून शिकवला. आता सांगते तसं ऐकतो."

मुकादमांनी घसा खाकरला, आणि नळी पुढे केली.

नवऱ्याने गोळा उचलून दिला. केशरी, जड, ओघळू पाहणारा. तिने नळी फिरवली. प्रथम खालून आवळून वर घेतले, जिथे कुणाची नजर पोहोचत नाही तिथे. मग गोळा साच्यात सोडून नळीला ओठ लावले. श्वास संथ, दीर्घ, अखंड गेला. साच्यात काच फुलत गेली, कडांपर्यंत, तळापर्यंत. देह तिच्या आज्ञेत होता. तो आज्ञेत आहे की नाही हे पूर्वी तिने कधी विचारलेच नव्हते. आज विचारले होते, आणि उत्तर मिळाले होते.

साचा उघडला. मुकादमांनी बरणी उजेडाकडे धरायला लावून तळ पाहिला, कडा पाहिली, आणि ते वळले.

"लंबू, तू मधल्या बरणीवर जा," ते म्हणाले. "आणि हिला दुसरा गोळा द्या. बघत काय बसलात?"

भाताताईने कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि नळीसाठी हात पुढे केला.