ज्याच्या पायावर पाय पडला

बल्गेरिया नकाशावर कुठं आहे, हे मला अजूनही बोट ठेवून सांगता येणार नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पण बल्गेरियाचा तो डाव्या पायाचा फुटबॉलमधला फॉरवर्ड मला घरच्या माणसासारखा माहीत आहे. कोल्हापुरात आमच्या पेठेतली पोरं ब्राझील आणि अर्जेंटिनावरून भांडायची. आमच्या तालमीच्या संघाला शिकवणारे एक वस्ताद तेवढे या बल्गेरियनचं नाव घ्यायचे. "डोकं गरम हाय, पण पाय सोन्याचा हाय," म्हणायचे. वर्ल्ड कपात त्यानं जर्मनीला मारलेली फ्री किक त्यांनी आम्हाला बोळात विटा उभ्या करून दाखवली होती.

माझा गुडघा गेला, खेळणं सुटलं आणि तोंडात रेफ्रीची शिट्टी आली. पोटासाठी ट्रकवर क्लीनर झालो. एकदा मनमाडकडे जाताना राहात्यात तापानं आडवा झालो. ट्रक पुढं गेला, मी राहिलो. रस्त्याकडेला टायरचं दुकान होतं. त्याचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी मला दवाखान्यात नेलं, मग दुकानामागची खोली दिली, काम दिलं. इथं माझं दुसरं कोणी नाही. त्या खोलीत पाठ टेकली की मनात येतं, उद्या अण्णा 'जा' म्हणाले तर कुठं जायचं?

पंक्चर काढताना मी त्या बल्गेरियनच्या गोष्टी सांगायचो. ऐकणारा मुख्य म्हणजे अण्णांचा पुतण्या. वडील लवकर गेलेले, अण्णांनीच वाढवलेला. तोही डावखुरा फॉरवर्ड, तोही तापट. त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लागायची. स्पेनमध्ये नवा असताना त्या बल्गेरियननं मैदानाबाहेर काढल्याच्या रागात रेफ्रीच्या पायावर पाय दिला, ती. "परत सांग की, कोल्हापूर." दुकानात तो मला कोल्हापूरच म्हणायचा. सुट्टीला मी जवळपासच्या सामन्यांना रेफ्री असायचो, तिथं मैदानावर मात्र 'सर'. माझं शुद्धलेखन कच्चं, म्हणून सामन्यांचे माझे अहवालही तोच चांगल्या अक्षरात लिहून द्यायचा.

त्याच्या संघाची सेमीफायनल नगरला होती. नेमलेला रेफ्री ऐनवेळी आला नाही. मी तिथं नुसता बघायला गेलो होतो. आयोजकांनी मला धरलं. मी सांगितलं, हा माझ्या मालकाचा पुतण्या आहे, मला नको. समोरचा संघ म्हणाला, आम्हाला चालतंय. अण्णा कडेला खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे मी सामनाभर बघितलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये त्यानं गोल केला. लाइनमननं झेंडा वर केला, ऑफसाइड. मी गोल नाकारला. तो अंगावर आला, शिवी दिली. आधीचं पिवळं कार्ड त्याच्या नावावर होतंच. मी दुसरं पिवळं काढलं, मग लाल. तो एकदम शांत झाला. जवळ आला, मला वाटलं हात मिळवतोय.

"ही घे तुझी गोष्ट," म्हणाला, आणि डाव्या बुटाचे खिळे माझ्या पायावर रुतवले.

परत येताना आम्ही तिघं एकाच जीपमध्ये. अण्णा चालवत होते, मी शेजारी, तो मागं. मी बूट काढला नव्हता. काढला असता तर परत चढला नसता. राहुरीला अण्णांनी चहासाठी गाडी थांबवली. तो उतरला नाही.

"लई दुखतंय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"पंधरवड्यात त्याची पुण्याला चाचणी हाय. मोठा क्लब हाय, नोकरी बी देत्यात. तुला ठावं हाय."

"हो."

"लाल कार्डानं काय हुईल?"

"एक सामना जाईल."

"आन ते पायाचं कागदावर आलं तर?"

"मोठी बंदी. मग पुण्याला न्यायला जिल्हा संघटनेचं पत्र मिळणार नाही."

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "तूच सांगतो ना रं, त्या तुझ्या बल्गेरियनला लहान वयात जन्माची बंदी घातल्ती, मंग उठवली. माफ केलं म्हनून तर मोठा झाला."

गाडीत बसल्यावर फोनवर ती जुनी क्लिप काढली. किती वेळा बघितली होती, पण तेव्हा पहिल्यांदा मी बल्गेरियनकडे न बघता रेफ्रीकडे बघितलं. चित्र धूसर, त्याचा चेहरा धड दिसेना. घरी गेल्यावर त्यानं मोजा कसा काढला असेल? बायकोला काय सांगितलं असेल? एवढ्या वर्षांत मी त्याचं नाव कधी कुणाला विचारलं नव्हतं.

कोल्हारचा पूल आला तेव्हा माझं तोंड उघडलं. "अण्णा, त्याला माफ केलं खरं. पण आधी कुणीतरी लिहिलं होतं. लिहिलंच नसतं तर माफ काय केलं असतं?"

अण्णांनी गियर बदलला. मागून आवाज आला, "लिहू द्या त्याला. आधी खोली रिकामी कर म्हनावं."

"तू गप," अण्णा म्हणाले.

दुकानात कॉम्प्रेसर चालू होता. मी काउंटरवर बसून अहवाल लिहिला. लिहून देणारा नव्हता, ओळी वाकड्या गेल्या. जे झालं ते लिहिलं. खाली लिहिलं, मुलाची ही पहिलीच वेळ आहे, कृपया विचार व्हावा. कागद नेऊन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडतात.

"शुद्धलेखन लई वाईट हाय तुझं," म्हणाले, आणि कागद परत दिला.

मी खोलीत जाऊन बॅग भरली. थोड्या वेळानं दारात डबा आला, रोजच्यासारखा. बाजरीची भाकरी, पिठलं, वर ठेचा. मी बसलो आणि जेवलो. बॅग खाटेखाली सरकवली, पण उघडली नाही.

अहवाल मी सकाळी पाठवला. जिल्ह्याच्या शिस्त समितीनं त्याला मोसम संपेपर्यंत बंदी घातली. चाचणी हुकली. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. जॅकच्या पलीकडच्या बाजूला काम करायचा, पाना हवा असला तरी मागायचा नाही. अण्णा कामापुरतं बोलायचे. डबा यायचा. रोज सकाळी वाटायचं, आज 'जा' म्हणतील.

गेल्या महिन्यात बंदी संपली. त्याचा पहिला सामना राहात्यातच होता आणि रेफ्री म्हणून माझंच नाव लागलं. मी नको म्हणालो होतो, कुणी ऐकलं नाही. नाणेफेकीला त्याच्या संघाकडून तोच पुढं आला. समोर उभा राहिला. त्या मैदानावर मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"सर," तो म्हणाला, "पाय कसा हाय?"

"बरा आहे."

"मंग मागं का घेतला?"

मी खाली बघितलं. तो पाय खरंच मागं गेला होता, मला कळलंही नव्हतं. मी तो पुढं आणला, त्याच्या बुटाशेजारी ठेवला, आणि नाणं उडवलं.