दुसऱ्या भागातला यंत्रमानव

थिएटरातल्या एसीची गार हवा अंगावर आली की रत्नागिरीतला तो गणपतीचा सण आठवतो. आवडत्या अंतराळपटाच्या शेवटी यंत्रमानव परक्या ग्रहावर एकटाच राहिला होता, नि आम्हा कॉलेजातल्या पोरांना त्याचा घोर लागला होता. दुसरा भाग मुंबईत लागला होता, पण आमच्याकडे कधी यायचा! संपात गिरणीची नोकरी जाऊन वॉचमन झालेला चुलतभाऊ दर गणपतीला मुंबईहून येऊन आम्हाला सिनेमे सांगायचा. एसटीतून उतरताच त्याला घेरलं. "दादा, तो जगला ना?" दादा ट्रंकेवर टेकला. "रातपाळी करून गेलो रे. आत एसी. बसलो नि झोपलो, तो दिवे लागल्यावरच उठलो." आम्ही जाम वैतागलो. परवा मुलाने मला कसल्याशा तिसऱ्या भागाला नेलं. बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला, बाबा?" म्हटलं, "आत गार होतं रे."