माळ्यावर ठेवलेला कॉम्प्युटर

वडिलांना लकवा मारला तेव्हा मी अकरावीत होते. ते गेले तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मधली सगळी वर्षं ते घराच्या एका कोपऱ्यात बाजेवर पडून होते आणि आम्ही त्या बाजेच्या भोवतीनं राहत होतो. आई दुसऱ्यांच्या लावणीला, झोडणीला जायची. मी कॉलेजातून आले की वडिलांची कूस बदलायची, भात लावायचा आणि त्यांच्या पायाशी बसून अभ्यास करायचा. भिंती कारवीच्या, वरून शेणमातीचा लेप. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, शहापूरकडच्या आमच्या शेणवे गावाच्या आसपास अशी घरं बरीच होती. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मात्र मी सांगते.

वडील गेले. दिवसकार्य झालं. रिझल्ट लागला, मी पास झाले. वडिलांचं वर्ष व्हायचं होतं म्हणून पेढे आणले नाहीत. आनंद झाला का, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी सकाळी उठत होते, हायवेवरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जात होते, घरी येत होते.

लिपिकाच्या जागेला नुसती पदवी पुरत नाही, कॉम्प्युटर टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून शहापूरला क्लास लावला. तिथं रोज एक तास मशीन मिळायचं. गोडाऊनमधून सुटून एसटी वेळेवर मिळाली तर तास, नाहीतर वीस मिनिटं. घरी सरावासाठी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला होता. कुठलं अक्षर कुठं आहे ते बोटांना कळलं. पण पुठ्ठ्यावरचं बटण खाली जात नाही, आणि चूक झाली तरी पुठ्ठा सांगत नाही. परीक्षेत नापास झाले.

आई म्हणाली, "परत बस." एवढंच.

पुढची परीक्षा भर पावसाळ्यात होती. मशीन घरातच पाहिजे, असं मी ठरवलं. नवा कॉम्प्युटर झेपणारा नव्हता. मुरबाडला एका दुकानात कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतात, असं गोडाऊनमधल्या एकीनं सांगितलं. मामा मुरबाडकडचा, त्याला सोबत घेतलं. मामा बैल घेताना आयुष्यात कधी फसला नाही, आणि हे तो कुणालाही न विचारता सांगतो.

दुकानात काळ्या डब्यांची चळत होती. मामा एका डब्याभोवती फिरला.

"शेठ, हा आदी कुठं कामाला होता?"

"ऑफिसात होता, मामा. एसीत वाढलेला."

"म्हंजे लाडावलेला. आमच्याकडं एसी नाय, कोंबड्या हायेत."

"चालेल की. सहा महिन्यांची गॅरंटी देतो."

"ती ऱ्हाऊ दे तुज्याकडं. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रंत आमी जनावर जुंपून बगतो, मंगच इसार देतो." माझ्याकडे वळून म्हणाला, "जुंप गो याला."

मला स्टुलावर बसवलं. क्लासचं पुस्तक पिशवीत होतंच, त्यातलं एक पान टाइप करायला घेतलं. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "ताई, मशीन ठीक आहे. स्पीड तुमचाच कमी आहे."

"तिचा वाढंल," मामा म्हणाला. "तू तुज्या मशीनचं बोल."

पान संपेपर्यंत मशीन कुठं अडकलं नाही. घेतलं. जीपमध्ये मामानं स्क्रीन मांडीवर धरला आणि शेणव्यापर्यंत कोणाला धक्का लावू दिला नाही.

बाजेची जागा मोकळी होती आणि प्लग तिथंच होता, म्हणून कॉम्प्युटर तिथं मांडला. दुसरं काही कारण नव्हतं. आईनं डब्याला हळदकुंकू लावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी टाइप करायची.

आषाढात मी मामाच्या लावणीला पाच दिवस गेले. मामा माझ्या कामाला धावला होता, तेव्हा त्याच्या शेतात हातभार लावणं भाग होतं. परत आले तर टेबलावर नुसता स्क्रीन.

"आये, डबा कुठं हाय?"

"वर हाय. भिंतीला वल चढली गो. तुजं भिजलं असतं."

पावसाळ्यात जपायची वस्तू आमच्याकडं चुलीवरच्या माळ्यावर जाते. बियाणं, सुकी मासळी, महत्त्वाची कागदं. खालच्या धुरानं ओल धरत नाही, किडा लागत नाही. माझा कॉम्प्युटर बियाण्याच्या कणगीला टेकवून ठेवलेला होता. पाच दिवस धूर खाऊन त्याच्या जाळीवर काजळीचा थर बसला होता.

खाली उतरवला, लावला. पंखा घरघरला, तीनदा टीं वाजलं. स्क्रीन काळा तो काळाच. परत लावला, तेच.

"काय बोलतं ते?"

"नाय चालत, म्हणतं."

"बियानं सा मयने ऱ्हातं तितं. याला पाच दिसांत काय झालं?"

बियाण्यापुरतं तिचं बरोबर होतं. परीक्षेला महिना राहिला होता. ओरडावं असं मला वाटलंच नाही. वडील गेल्यापासून मी कशावरच ओरडले नव्हते. भात खाल्ला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मुरबाडच्या दुकानदाराला फोन लावला.

"ठेवला कुठं होता?"

"चुलीच्या वर. माळ्यावर."

तो म्हणाला, "ताई, धुरीवर ठेवायला तो काय बोंबील आहे?" पण माणूस चांगला. बाजूचं झाकण कसं खोलायचं ते त्यानं सांगितलं. पंख्यातली काजळी काढा, मग आत एक हिरवी पट्टी आहे, तिला रॅम म्हणतात, ती अलगद उपसून तिची पिवळी कड खोडरबरनं पुसा.

मी झाकण काढलं तशी आई चुलीजवळची फुंकणी घेऊन आली.

"सर बाजूला. ह्ये माजं काम."

डबा ओटीवर नेला. तिनं फुंकणीचं तोंड पंख्यावर धरलं आणि फुंकलं. काजळी उडून तिच्याच तोंडावर आली. डोळे मिटून ती फुंकत राहिली, थांबून थांबून, ओल्या लाकडाला फुंकते तशी. मी रॅमची पट्टी पुसली, बसवली. तीन टीं. काढली, परत पुसली, जोर लावून बसवली. या वेळी एकच टीं वाजलं आणि स्क्रीन उजळला.

"झाला?"

"झाला."

"मंग आता वरतून कोंबड्यांची पाटी झाकते."

"नको गो आये. फडकं टाक नुसतं."

चूक झाली असं ती बोलली नाही, आणि मीही बोलायला लावलं नाही. गेलेले दिवस भरून काढायला मी शहापूरच्या क्लासला जाणं सोडलं, जाण्यायेण्याचा वेळ वाचवला आणि घरी दोन-दोन तास बसायला लागले. आई ओल्या भिंतीपासून टेबल हातभर पुढं ओढून ठेवायची.

परीक्षेत उतारा संपला तेव्हा वेळ थोडा उरला होता.

निकाल मोबाईलवर पाहिला. आईला म्हटलं, "पास." ती म्हणाली, "बरं झालं. जेव आता." मी जेवले.

त्यानंतर लिपिकाच्या भरतीचा फॉर्म भरला आणि लेखी परीक्षा दिली. आज मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे.