शेंदराखालचं नाव

जामुल अजून बरंच लांब होतं. बाभळीच्या सावलीला देवराव मिस्त्री थांबले आणि भाचीला म्हणाले, "वच्छला, साहेब मले चोर म्हणन काय वं?"

"तुमी चला तं आधी, मामाजी. इथं उभं राहून का होते?"

वच्छलेनं मनात देवाचं नाव घेतलं. देवराव सुतार भंडाऱ्याकडचे. इकडं पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला आले आणि जवळच्याच रुआबांधा वस्तीत राहिले. जीव मात्र खुर्च्या घडवण्यात. म्हणून जामुलच्या साहेबानं घरची खुर्ची नमुन्याला दिली तेव्हा ते हरखून गेले. साहेब डेन्मार्कचा, सिमेंटची मशिनं बसवायला आलेला. खुर्ची त्याच्या वडिलांनी लग्नात दिलेली. तशाच दोन करून हव्या होत्या.

दुसऱ्याचा नमुना हाती घेतला की घडवणाऱ्याला शेंदूर लावून परवानगी मागायची, ही देवरावांच्या घरची रीत. खुर्चीच्या पोटाशी डाग देऊन उठवलेली अक्षरं होती. वाचता येईनात, पण कर्त्याचीच असणार. देवरावांनी त्यांवरच तेलात कालवलेला शेंदूर लावला. नव्या दोन पुऱ्या झाल्या तेव्हा त्यांनाही त्याच जागी.

तिन्ही पोचल्या. साहेबानं उलटून पाहिल्या. नाव कुठंच नाही. अस्सल विकून तीन नकला दिल्या, असा निरोप आला. उद्या साहेबाचं सामान बांधायचं होतं.

दारात स्वयंपाकी दयाराम भेटला. "आओ मिस्त्री! कुर्सी दी थी बैठने को, तुमने तो हनुमानजी बिठा दिए!"

वच्छलेला हसू आलं, पण साहेबाचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

देवरावांनी तिन्ही खुर्च्यांच्या हातांवरून तळवा फिरवला, त्यातली अस्सल ओळखून उलटी केली आणि थबकले. "लावला शेंदूर पुसू कसा, बाई?"

"नमस्कार कवाच पोचला, मामाजी. आता त्याचं नाव काहून झाकून ठेवता?"

दयारामानं तेलाचं फडकं दिलं. देवरावांनी हात जोडले, मग हळूहळू पुसलं. अक्षरं उघडी पडली. साहेबाची मेमसाहेब गुडघ्यावर बसून मोठ्यानं वाचू लागली. नावं दोन होती. एक खुर्चीचं रूप ज्याला सुचलं त्याचं, दुसरं ती बनवणाऱ्याचं, असं दयारामानं सांगितलं. साहेबानं देवरावांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. बाकी दोन खुर्च्यांवरचा शेंदूर राहू द्या, म्हणाला.

परतताना त्याच बाभळीखाली देवराव टेकले. डोळे भरलेले.

"ते रूप ज्याले सुचलं तो कुठचा, मी कुठचा. पण लाकडाले इतकं कमी करूनबी मजबूत ठेवता येते, हे त्यानं मले शिकवलं. गुरूच म्हणा न."

"हो न, मामाजी."

"त्याचं नाव ध्यानात हाय न तुले? आपल्या अक्षरात लिहून दे, बाई. दसऱ्याले हत्यारं मांडतो, त्याहीच्या संग ठेवीन."