जग बुडालं तेव्हाची अक्कांची म्हैस

वाचनालयातले गृहस्थ मला दारात बघितलं की टेबलाखालून पुस्तक काढतात.

"बाई, हे घ्या. ह्यात पण सगळं जग मेलंय."

"कुत्रा आहे का?"

"हाय की. कुत्रा हाय आणि एक म्हातारा हाय. दुसरं मांजराचं आलंय, ते बघता?"

"मांजर नको," मी म्हणते. "ते जग बुडायच्या आधीही कुणाचं नसतं."

गेली सहा-सात वर्षं मी असली पुस्तकं वाचते. बहुतेक अनुवादित असतात. कुठं रोगाची साथ येते, कुठं युद्ध होतं, कुठं समुद्र आत शिरतो. पहिल्या पंचवीस पानांत माणसं संपतात आणि मग उरलेलं एक माणूस आणि एक जनावर ओस पडलेल्या रस्त्यांवरून चालत राहतात. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. कास्टिंगला तडा आहे का बघायचं, असेल तर बाजूला काढायचं. त्यामुळं पुस्तकातले तडेही मला लगेच दिसतात. या लोकांकडं मीठ कुठून येतं, कुणी सांगत नाही. पाणी उकळताना कुणी दिसत नाही. आणि कुत्रा तरी काय कामाचा? जग संपल्यावर शहाण्या माणसानं म्हैस घेऊन निघावं. दूध मिळतं, शेण मिळतं, गोवऱ्या थापल्या की जळण झालं. पण म्हैस घेऊन निघालेला माणूस मला अजून एकाही पुस्तकात भेटलेला नाही.

जेवणाच्या सुट्टीत सोबतच्या बायका विचारतात, एवढं काय असतं गं त्यात? मी म्हणते, वेळ जातो. खरं कारण सांगण्यासारखं नाही, पण इथं सांगते. त्या पुस्तकांत जाऊ पहिल्याच प्रकरणात मरते. शेजारीण, नणंद, गल्लीतल्या बायका, सगळ्या जातात. मग त्या जनावराला जायला दुसरं कुणी उरतच नाही. त्याला तुमच्याकडंच यावं लागतं.

माझी जाऊ धडधाकट आहे. भिंतीपलीकडं राहते. मी तिला अक्का म्हणते. थोरले दीर वारल्यापासून तिचं घर एका म्हशीवर चालतं. गोठा आमचा दोघींचा, म्हैस मात्र तिची. वैरण मी कापते, कामावर जायच्या आधी. रविवारी गोठा मी धुते. पेंड-भुशाच्या आंबोणाची बादली मी उचलते, कारण अक्कांचे गुडघे दुखतात. आणि ती म्हैस माझ्याकडं गोठ्याच्या खांबाकडं बघावं तशी बघते.

अक्कांच्या दाराची कडी वाजली की हिची मान वळते. अक्का लांबूनच बोलायला सुरुवात करतात, "काय गं बाई माझी, भूक लागली व्हय? माशा चावत्यात व्हय?" वीस वर्षं आम्ही एका अंगणात राहतो. मला त्यांनी कधी विचारलेलं नाही, भूक लागली का म्हणून. मला म्हणतात, "डबा इसरलीस बघ."

त्या म्हशीचं रेडकू दोन दिवसांचं होऊन मेलं. तेव्हापासून ती अक्कांशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. माझं माहेर पेठ वडगावचं, घरी दोन म्हशी होत्या, धार काढायला मी दहाव्या वर्षी शिकले. माझा हात काही वाईट नाही. पण मी बसले की ही दूध वर ओढून घेते आणि शांत रवंथ करते.

एकदा तर हद्द झाली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं पळत येते. अक्कांकडं कुठली मोटारसायकल. त्या नुसत्या पुढं चालतात आणि म्हैस दाव्याशिवाय मागं. एका पाडव्याला गुडघा सुजला म्हणून त्या मला म्हणाल्या, "आवंदा तू हो फुडं." मी नवी साडी नेसले आणि निघाले. चौकापर्यंत गेले, मागं बघते तर म्हैस आमच्या दारातच उभी. कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, म्हैस मागं ऱ्हायली की तुमची!" माझ्याच गल्लीत मला पावणं. सगळा कट्टा हसला. अक्का लंगडत बाहेर आल्या, चार पावलं चालल्या, आणि ती निघाली त्यांच्या मागं.

मग गेल्या पावसाळ्यात अक्कांच्या मुलीचं बाळंतपण निघालं, आजऱ्याला. "चार दिसांत येतो," अक्का म्हणाल्या. "तेवढं धार बघ. न्हाय सोडला पान्हा तर दमानं घे, मारू नगंस."

"मी कधी मारलंय?"

"तसं न्हवं गं. तुझा हात जरा हापिसावानी हाय."

त्या सकाळी गेल्या. गोठ्यातल्या खुंटीवर त्यांची धारेची जुनी साडी लटकत होती, शेणाची, दुधाची, घामाची. मला असली घाण बघवत नाही. मी ती काढली, पावडरीत भिजवली, घासून धुतली आणि घरात वाळत टाकली. ही माझी चूक. तेव्हा ती स्वच्छता वाटली.

संध्याकाळी म्हशीनं कपभर दूध दिलं. रात्रभर पाऊस होता. सकाळी पंचगंगेचं पाणी गावाच्या खालच्या अंगाला आलं. नवरा कामासाठी कागलकडं गेलेला, तो तिकडंच अडकला. दुपारपर्यंत महामार्ग बंद. गल्ली शाळेकडं निघाली. शाळेत जनावर घेत नव्हते. आमची माळावर पत्र्याची एक खोप आहे. मी दोन खेपांत तांदूळ, पेंड, स्टोव्ह, भांडी आणि दोन्ही घरांतली अंथरुणं-कपडे वर टाकले, तिसऱ्या खेपेला म्हैस ओढत नेली. ओढतच. ती सारखी मागं बघत होती.

संध्याकाळी मी खोपीच्या दारात बसले. खाली सगळं पाणी. उसाचे शेंडे तेवढे दिसत होते. फोनला रेंज नाही. माणसाचा आवाज नाही. मी एक आणि जनावर एक. लोकांची घरं पाण्यात होती, माझंही होतं, तरी कबूल करते की मला बरं वाटलं. पिशवीत पुस्तक होतं, ते मी उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, आता ही कुठं जाते बघू. पुस्तकात असं झालं की पन्नासाव्या पानाच्या आत जनावर येऊन मांडीवर डोकं ठेवतं.

ती माझ्याकडं शेपूट करून उभी राहिली आणि आजऱ्याच्या दिशेला, म्हणजे तिला काय दिशा कळणार, पण रस्त्याकडं तोंड करून ओरडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कास तट्ट फुगली होती. हात लावला तर दगड. दूध कासेत राहिलं की दगडी होते, सड निकामी होतात, मग म्हैस बाजारात काढायची. अक्कांचं घर त्या चार सडांवर होतं. डॉक्टर पाण्यापलीकडं. मी पेंड पुढं ठेवली, गूळ चारला, कोमट पाण्यानं कास शेकली, पाठ चोळली. कुणी ऐकायला नव्हतं म्हणून शेवटी अक्कांसारखं बोलूनही बघितलं. "काय गं बाई माझी." माझ्याच तोंडात ते चोरलेलं वाटलं. तिनं लाथ मारली. दुधाची चरवी पत्र्यावर जाऊन आदळली.

मग मला साडी आठवली. हा उपाय आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतो. घरची बाई माहेरी गेली की गडी माणूस तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसतो, जनावर फसतं. मी अक्कांची साडी काढली. पांढरीशुभ्र नसली तरी शोरूममधल्यासारखी, पावडरीचा वास मारत होती. नेसून जवळ गेले. म्हशीनं एकदा हुंगलं आणि शिंकली.

दुपारपर्यंत ती पाय उचलून धरायला लागली. मी अंथरुणांच्या ढिगापुढं बसले आणि एकेक कपडा नाकाला लावत गेले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, खात्याची प्रमुख, जावेचे कपडे हुंगत बसलेली. सगळ्यात खाली अक्कांची वाकळ होती. त्यांच्याच जुन्या साड्यांची, त्यांनीच शिवलेली. थंडीत त्या ती अंगाभोवती घेऊनच पहाटे धारेला बसतात. मी नेहमी म्हणायचे, अक्का, ही टाका आता, वास येतोय.

ती वाकळ डोक्यावरून घेतली आणि बसले. म्हशीनं मान वळवली. बराच वेळ हुंगत राहिली. कान पुढं आले. ओरडणं थांबलं. आणि माझ्या बोटांखाली सड भरून आले, धार सुटली, पहिल्यांदा चिकट, मग सरळ. चरवी भरली, पातेलं घेतलं. मी तिच्या कुशीला कपाळ टेकलं होतं. मला वाटलं, झालं, आली माझ्याकडं.

तिनं जीभ काढून माझा खांदा चाटायला सुरुवात केली. वाकळ खांद्यावरून घसरली तेव्हा जीभ माझ्या उघड्या दंडावर आली. तिथं ती थांबली. मग जीभ खाली वाकळीवर गेली आणि परत चाटायला लागली.

चार दिवस, दोन वेळा, मी वाकळ पांघरून बसले. चार दिवस ती अक्कांना दूध देत होती. मी बाकी काही म्हणत नाही, कास वाचली.

पाणी उतरलं तसं अक्का कुठल्याशा ट्रकमधून आल्या. घराचं काय झालं ते बघितलं नाही, आधी माळावर. म्हशीच्या कासेवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळल्या.

"पान्हा सोडला व्हय गं?"

"सोडला."

"कुणाला?"

"मला. आणखी कोण होतं इथं?"

वाकळ मी सकाळची धार झाल्यावर घडी करून ठेवली होती. अक्का परत म्हशीकडं वळल्या. "बरं झालं," म्हणाल्या. "बरं झालं बाई."

पुढचे पंधरा दिवस आम्ही घरातला चिखल काढला. अक्का धारेला बसायच्या, म्हैस पूर्वीसारखीच त्यांना दूध द्यायची. पण त्यांच्यात फरक पडला होता. मी गोठ्यात गेले की मागोमाग यायच्या. मी वैरण टाकायला लागले की, "ऱ्हाऊ दे, मी टाकतो." एकदा म्हैस सहज माझ्या बाजूला वळली, माशी हाकलायला असेल, तर त्यांचा हात मधेच थांबला. म्हशीशी बोलणं कमी झालं होतं. मला ते सगळं दिसत होतं. मी फौंड्रीत जाताना गुणगुणत जात होते. त्या पंधरवड्यात मी वाचनालयात गेलेच नाही.

मग आजऱ्याहून फोन आला. मुलीच्या सासूला दवाखान्यात ठेवलं होतं, बाळ लहान, घरी कुणी नाही. अक्कांनी तीन महिन्यांसाठी यावं. मला वाटलं, नाही म्हणतील. त्या कधी कुठं तीन महिने गेलेल्या नाहीत.

"जातो," त्या म्हणाल्या. "तुझीबी हाय की आता ती. माझ्यावाचून काय अडतंय तिचं." हे सांगताना त्या माझ्याकडं न बघता पिशवी भरत होत्या. लुगडी भरली, औषधं भरली, आणि सगळ्यात वर वाकळ कोंबली. "हिच्याबिगर डोळा लागत न्हाय मला. मागल्या टायमाला इसरली, सगळ्या रात्री जागीच हुतो."

रिक्षा दारात आली. अक्कांनी पिशवी उचलली. मी तीन महिने मोजले, सकाळ-संध्याकाळ. कास डोळ्यांसमोर आली, दगडासारखी. अजून एक मिनिट मी गप्प राहिले. ते एक मिनिट मला हवं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "वाकळ ठेवून जा."

"का गं?"

मी पिशवीतून वाकळ ओढून काढली. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग वाकळीकडं. मग गोठ्याकडं. आणि त्यांना कळलं. जन्मभर जनावरं सांभाळलेली बाई, तिला किती वेळ लागणार.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. आधी पदर तोंडाला लावला, मग हसू फुटलं, मग ठसकाच लागला. "आगं भवाने! आणि मला म्हणालीस..." परत ठसका. "पंदरा दिस झालं, अन्न ग्वाड लागंना मला. म्हटलं मेली एवढ्यात इसरली मला! वाकळ पांघरून बसलीस व्हय तू? तू? वास येतोय म्हणत हुतीस की!"

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "ओ मावशी, येताय न्हवं?"

"थांब की रं जरा!" अक्का गोठ्यात पळाल्या. गुडघे दुखत नव्हते त्यांचे. आतून त्यांचा आवाज येत होता, पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं बोलणं एकदम, काय गं बाई माझी, काय गं गुणाची माझी, आणि मधेमधे हसणं. म्हैस हुंकार देत होती.

मी दारात वाकळ हातात घेऊन उभी होते. वीस वर्षं मी त्या बाईवर जळले. ती माझ्यावर फक्त पंधरा दिवस जळली, आणि तेही मी माझ्या तोंडानं संपवून टाकलं.

संध्याकाळी पाच वाजता मी वाकळ पांघरली आणि चरवी घेऊन बसले.