स्कारटूनमध्ये कुणी राहत नाही म्हणे

आपण स्कारटूनमध्ये राहत नाही, ही बातमी गुनवोरला माझ्या दुकानात कळली.

गुनवोर माझी वहिनी. थोरला भाऊ लायडुल्व गेला त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून ती वर एकटीच असते. वर म्हणजे फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावर उभं राहून मान पुरती मागे टाकली की दिसतो त्या कड्याच्या खांद्यावर. आमच्या पणजोबांनी दगड वेचून वेचून तिथे जमीन केली. घर, गोठा, मेंढ्या, गवताचं कुरण आणि आलुबुखाराची बाग, एवढं स्कारटून. गाडीरस्ता नाही. माणसांना पायवाट, सामानाला तार. तारेवरून फळांच्या पेट्या घसरत येतात, त्या खाली मी उतरवून घेतो. पिठाची पोती इथून वर जातात.

त्या दिवशी ती खाली आली होती. काउंटरजवळच्या पेटीवर बसून कॉफी पीत होती. तेवढ्यात पाठीवर पिशव्या घेतलेलं एक डच जोडपं आत आलं. बाईने माझ्यापुढे रंगीत कागद धरला.

"ही ओस पडलेली वाडी कुठून चढायची?"

बर्गनच्या कुठल्याशा सहलवाल्यांनी आखून दिलेली आठवड्याची सुट्टी होती ती. एक दिवस हिमनदीवर दोरी बांधून चालायचं, एक दिवस फ्योर्डमध्ये वल्ही मारायची, एक दिवस बागांमधून फिरायचं. आणि तिसऱ्या दिवशी चढ. कागद लपवायला मला वेळच मिळाला नाही. गुनवोरने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "'शेवटचा रहिवासी केव्हाच निघून गेलेली ही ओस वाडी काळ थांबल्यासारखी उभी आहे. रानटी झालेल्या जुन्या झाडांखाली जेवणाची विश्रांती.'"

शेजारी फोटो होता. झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली, घराचं दगडी छप्पर, समोर पाण्यापलीकडे फोल्गेफोन्ना हिमनदीचा बर्फ.

"रानटी?" ती म्हणाली. "तोरफिन, रानटी म्हणतात बघ माझ्या झाडांना! मार्चात गुडघाभर बर्फात उभी राहून एकेक फांदी छाटते मी!"

"छापणाऱ्यांना काय कळतंय," मी म्हणालो.

"आणि हे बघ. दोरीचे खांब आहेत, दोरी नाही. कपडे कुठे गेले माझे? फुलोऱ्याच्या दिवसांत मी रोज कपडे वाळत घालते."

मी फोटो जवळ घेतला. खरंच, दोन खांबांच्या मधे नुसतंच आकाश होतं. डच बाई माझ्याकडे बघत होती, डच बुवा चॉकलेटांकडे. गुनवोरने त्यांना पायवाट दाखवली, अगदी नीट, निसरडा दगड कुठे आहे तोही सांगितला. ते बाहेर पडल्यावर म्हणाली, "लाव फोन."

मी लावला. आखणी करणाऱ्याचं नाव एस्किल. आवाज तरुण, गोड.

"मी स्कारटूनहून बोलतेय," ती म्हणाली. "तिथे कुणी राहत नाही ना, ती मी."

मग तो म्हणाला, आमचा माणूस मे महिन्यात येऊन गेला, त्याला कुणी दिसलं नाही.

"मे महिन्यात मेंढ्या वितात. मी गोठ्यात होते. त्याने हाक मारली का?"

"ते मला माहीत नाही."

"दोरीवरचे कपडे दिसले का त्याला?"

"ते... फोटोत जरा बरे दिसत नव्हते. म्हणून आम्ही काढले."

"म्हणजे दिसले होते," गुनवोर म्हणाली. "माणूस आहे हे माहीत होतं, आणि तरी पुसलंत."

"तसं नाही हो, पुढच्या वर्षीच्या छपाईत आम्ही नक्की सुधारू."

"तोवर मी काय करू? नसू?"

तिने फोन ठेवला आणि उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "सैतान घेऊन जावो त्या कागदाला," म्हणाली आणि चढायला लागली.

हा संताप नुसत्या कागदाचा नव्हता. गुनवोर लग्न होऊन आली तेव्हा त्या कड्यावर तीन घरं नांदती होती. दोन उठली. मग वरच्या पोरांना घ्यायला येणारी शाळेची होडी बंद झाली. मग टपालवाला वर जाईनासा झाला, तिची पत्रं माझ्या दुकानात पडू लागली. तिची मुलगी योरुन स्टावांगरला असते, ती दर फोनला एकच विचारते, खाली कधी येतेस. आमच्या सरकारी कचेरीतला एक साहेब तर तिच्या तोंडावर म्हणाला होता की एका माणसासाठी वीजवाहिनी सांभाळायची म्हणजे फार होतं. सगळेच तिच्या जाण्याची वाट बघत होते. बर्गनवाल्यांनी फक्त ते आधी छापून टाकलं.

आणि योरुनचंच बघा. तिच्या कचेरीत कुणीतरी तो फोटो पाहिला. तिने आईला फोन केला. मला वाटलं, आता तरी पोरगी चिडेल. तर ती म्हणाली, "किती सुंदर दिसतंय गं! आणि आई, तसंही तू यायलाच हवंस ना आता."

"तसंही म्हणजे कसंही?" गुनवोरने विचारलं आणि पुढे कितीतरी आठवडे तिच्याशी धड बोलली नाही.

जुलैत गवत कापलं. मी मदतीला वर गेलो होतो. कापलेलं गवत कुरणात पसरलं होतं, ते खुंटांना ताणलेल्या तारांवर चढवून वाळवायचं होतं, आणि पलीकडे फोल्गेफोन्नावर ढग काळे होत चालले होते. आम्ही चार घास खायला आत बसलो, खारवलेला हेरिंग मासा आणि बटाटे. बाहेर हसण्याचे आवाज आले. खिडकीतून पाहिलं तर दहा-बारा माणसं थेट कापलेल्या गवतावर पथारी पसरून डबे उघडत होती.

आमच्याकडे रानात, डोंगरात कुणीही फिरावं, हा सगळ्यांचा हक्क आहे, आणि तो गुनवोरलाही प्यारा आहे. पण कुरण म्हणजे रान नव्हे, आणि अंगण तर नव्हेच.

दार उघडलं. उंची जाकीट घातलेली एक बाई आत डोकावली आणि आम्हाला बघून दचकली. मग तिचा चेहरा खुलला. "अय्या! तुम्ही संग्रहालयाकडून का?"

गुनवोर काटा हातात धरून म्हणाली, "इथे कुणी राहत नाही असं तुम्हाला सांगितलंय ना?"

"हो."

"मग मी कोण?"

बाई माझ्याकडे बघून कसनुसं हसली. मी हेरिंगकडे बघितलं.

गुनवोर उठली, बाहेर गेली आणि कुरणाच्या मधोमध उभी राहिली. "उठा! सगळे उठा! मेंढ्यांचं हिवाळ्याचं जेवण आहे ते, तुमची गादी नाही. अंग हलवायची सुट्टी घेतलीत ना? हलवा मग. पाऊस येतोय." आणि गोठ्यातून दाताळी आणून तिने एकेकाच्या हातात दिली. त्यांचा वाटाड्या पोरगा काहीतरी बोलू पाहत होता. "तुलाही आहे," असं म्हणून तिने त्यालाही दिलं.

ती सगळी माणसं राबली. कुणी दाताळं उलटं धरलं, कुणाच्या हाताला फोड आले, पण पहिला थेंब पडला तेव्हा गवत तारांवर होतं. मग गुनवोरने मोठी किटली चढवली, चपट्या भाकऱ्या आणि तपकिरी चीज काढलं. राग होताच, पण भिजलेल्या माणसाला कॉफी न देणं तिला जमणारं नव्हतं. जाकीटवाली बाई म्हणाली, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस हा. गुनवोर म्हणाली, "माझा नव्हे."

इथेच मिटलं असतं. पण पुढच्या वसंतात एस्किल स्वतः आला. सडपातळ, लालबुंद गालांचा, हातात नवा कागद. मी त्याला वाट दाखवत वर नेलं. गुनवोर भिंतीचा पडलेला दगड परत बसवत होती.

"बघा, सुधारलं!" तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी आता लिहिलं होतं: गोड गुनवोर आजीबरोबर गवताची कापणी, जुन्या काळाचा खरा अनुभव. दर बुधवारी. फोटोत ती होती, दाताळं हातात, तोंड उघडं. ती तेव्हा ओरडत होती, पण कागदावर गात असल्यासारखी दिसत होती.

तिने वाचलं. तिच्या मानेपर्यंत लाली चढताना मी पाहिली.

"गोड?"

"लोकांना तुम्ही फार आवडलात हो."

"आणि जुना काळ कुठला? गवत मी गेल्या जुलैत कापलं. या जुलैतही कापणार. गवत तुझ्या बुधवारी तयार होतं का रे? आधी मेलेली होते, आता खेळणं झाले. मधलं काही तुम्हाला छापता येत नाही का?"

"तुम्हाला त्याचा मोबदला—"

"गप्प बस." तिने हातातला दगड खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मी दारात उभी राहून वाट बघत असते की कुणी यावं आणि मला बघावं? माझा नवरा या कुरणात पडला आणि गेला. माझी पोर त्या खोलीत जन्मली. हा देखावा नाही. लोकांना चालू दे, मी कधी कुणाला अडवलं नाही. पण माझ्या घरातून मला काढू नको, आणि माझ्या घरात मला मांडून ठेवू नको."

एस्किलचं तोंड पडलं. तो वाईट पोरगा नव्हता, एवढं मी म्हणेन. "मग काय लिहू?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"नाव लिही. स्कारटून. माणूस राहतो. वाट भिंतीच्या बाहेरून."

भिंतीच्या बाहेरून जनावरांची जुनी वाट आहे, बर्चच्या झाडीतून वर पठारावर जाणारी. तिथून हिमनदी स्कारटूनहून जास्त चांगली दिसते. त्या दुपारी गुनवोर आणि एस्किल ती वाट बघून आली. येताना दोघंही भांडत होती, बसायची जागा ओढ्याच्या अलीकडे असावी की पलीकडे. कागद बदलला. पण जुना फोटो इंटरनेटवर कुठे कुठे राहिलाच, आणि अजूनही उन्हाळ्यात कुणीतरी माझ्या दुकानात येऊन ओस वाडी विचारतं. मी सांगतो, अशी वाडी आमच्याकडे नाही.

दोन वर्षांमागे गुनवोरला न्युमोनिया झाला आणि हिवाळाभर ती माझ्याकडे खाली राहिली. सगळ्यांना वाटलं, झालं. योरुनचा आवाज फोनवर कसा हलका झाला होता! दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आलीस ना शेवटी खाली?"

"पाहुणी आहे," ती फटकन म्हणायची. "पाहुण्याला असं विचारतात का?"

डॉक्टरने चढायला मनाई केली होती. मीही केली, उगाच. मार्चात, डोंगरावर अजून बर्फ असतानाच, तिने छाटणीची करवत पाठीला बांधली. मी पहिल्या वळणापर्यंत मागे मागे गेलो. ती थांबली, धाप लागली होती, डोळे मात्र रागीटच.

"तू कुठे चाललास?"

"तुला पोचवायला."

"मला माझ्या घरी पोचवतोय हा! जा, दुकान उघड. गिऱ्हाईक थांबलं असेल."

मी उभा राहिलो. ती दगडाला धरून पुढचं वळण चढली आणि दिसेनाशी झाली. दुपारी तारेची घंटी वाजली. रिकामी पेटी खाली आली, पीठ पाठवायला.