दोन पिशव्यांचा नियम

ओहायोतल्या वेल्डन शहराच्या ऐन मध्यावर, नवव्या मजल्यावर ओपल डिनविडी एकटी राहायची. अठ्ठावीस वर्षं तिनं शहराची बस हाकली. आता वय त्र्याहत्तर, आणि उजवा खांदा कामातून गेलेला. इमारतीखालचं वाणसामानाचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. उरलं पेट्रोलपंपावरचं, तिथं चिप्स आणि काळी पडलेली केळी. खरं दुकान नदीपल्याड, बसनं चाळीस मिनिटं. बसमध्ये माणशी दोनच पिशव्या, आणि ओपलला उचलता यायची एकच. तेवढ्यात आठवडा निघायचा नाही.

लेक रेनिटा फोनवर म्हणाली, "आई, रविवारी येते. फ्रिज मागच्यासारखा रिकामा दिसला, तर तुला कोलंबसला माझ्या घरी घेऊनच जाणार. मग रडायचं न्हाई."

"मी रडले व्हय कधी?" म्हणून ओपलनं फोन ठेवला.

मंगळवारी दुकानात बटाटे घ्यावेत की कोंबडी, या घोरात ती उभी होती. सहाव्या मजल्यावरचा म्हातारा व्हर्जिल मागनं आला. त्याच्या एका पिशवीत कॉफी नि मांजराचं खाणं.

"दोन्ही घ्या की, ड्रायव्हरीणबाई. माझा एक हात मोकळाय."

"माझं ओझं दुसऱ्यानं वाहिलेलं मला चालत न्हाई."

"ठावं हाय. तिसरी पिशवी दिसली म्हणून भर बर्फात मला खाली उतरवलं होतंत. पूल चालत ओलांडला म्या."

"नियम होता."

"अजून हाय. दोन हात, दोन पिशव्या. माझ्या दुसऱ्या हातानं कुठला नियम मोडतो, सांगा."

ओपलनं बटाट्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. परतीच्या बसमध्ये चढल्यावर सवयीनं तिनं मागं वळून उतारू मोजले. इमारतीतली सात माणसं. मोकळे हात पाच. इतकी वर्षं डोकी मोजली, हात कधी मोजले नव्हते.

शुक्रवारी दुकानाच्या दारात उभी राहून शेजाऱ्यांच्या पिशव्यांची वाटणी ओपलच करत होती.

"क्लाइड, अर्नेस्टीनची अंडी तू घे. बायकोसारखी जपून धर."

"बायको सोडून गेली, ओपल."

"म्हणूनच सांगतेय, नीट धर."

रविवारी रेनिटानं फ्रिज उघडला. कोंबडी, कोबी, दूध, लोणी.

"हे सगळं आणलं कुणी?"

"आम्ही. आता आलीच हायस, तर बटाटे सोल."

फ्रिजचं दार लावून रेनिटानं नवऱ्याला फोन केला.

"जेवूनच निघते. हो, एकटीच येतेय."